हाकेला ओ

1966 साली न्यूयॉर्कच्या ‘फोकवेज रेकॉर्ड्स’ कंपनीने एक तबकडी काढली. तिच्यावर गायीचं एक गाणं आहे. एक बाई विचारतात आणि पोरं उत्तरं देतात. गायीला खायला घातलं का, काय घातलं, दूध काढलं का, कसं काढलं. दुधाचा विषय निघाला की पोरं तोंडाने धारांचा आवाज काढतात. मग गाय आजारी पडते. मग मरते. गिधाडं येतात, आणि त्यांच्या पंखांची फडफडही पोरंच करून दाखवतात. बाईंचा आवाज काही मोठा नाही, ताना नाहीत, साथीला वाद्यांचा ताफा नाही. तरी घरबसल्या ऐकणाऱ्यालाही उत्तर द्यावंसं वाटतं आणि दुसऱ्यांदा ऐकताना तो ते देतोच.

या बाई म्हणजे एला जेन्किन्स. 9 नोव्हेंबर 2024 रोजी शिकागोत त्या गेल्या, तेव्हा त्यांची शंभरी उलटून तीन महिने झाले होते. शाळा, बालवाड्या, ग्रंथालयं, शिबिरं असं फिरत त्यांनी साठ वर्षांहून जास्त काळ लहान मुलांना गाती केलं. त्यांच्या जाण्याची आपल्या वर्तमानपत्रांत फारशी दखल घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं त्याचं कारण मात्र त्यांच्या निधनाशी निगडित नाही. लोककलावंताने शाळेत जाऊन नेमकं काय करावं, या प्रश्नाचं इतकं पक्कं उत्तर माझ्या माहितीत दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. आणि हा प्रश्न आज आपल्या दारातला आहे.

गायीचं ते गाणं एलाबाईंचं स्वतःचं नव्हे. टेनेसी राज्यातल्या फिस्क विद्यापीठात थॉमस टॅली नावाचे कृष्णवर्णीय प्राध्यापक होते, विषय रसायनशास्त्र. गुलामगिरीच्या काळापासून तोंडोतोंडी चालत आलेली आपल्या लोकांची गाणी आणि बडबडगीतं त्यांनी जमवली आणि 1922 साली छापली. गायीचं गाणं त्या संग्रहात आहे. त्यातला विचारणारा आवाज मालकाचा आणि उत्तर देणारा गड्याचा, हे कान देऊन ऐकलं की कळतं. मालक खोदून खोदून विचारतो, गडी अदबीने होकार भरत राहतो आणि अखेर गाय मेलेली निघते. ज्यांच्या पणज्यांना असे प्रश्न खरोखर ऐकावे लागले होते, ती मुलं शिकागोत बसून त्याच प्रश्नोत्तरांचा खेळ करत होती. एलाबाईंनी त्यांना त्या वेळी इतिहास सांगितला नाही. गाणं त्यांच्या तोंडात दिलं. इतिहास पुढे ज्याला कळायचा त्याला कळला असेल, पण तो कळला तेव्हा गाणं आधीच त्याचं झालेलं होतं.

एलाचा जन्म 6 ऑगस्ट 1924 चा, मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरातला. ती लहान असतानाच घर शिकागोला हललं. दक्षिणेच्या राज्यांतला जाच आणि दारिद्र्य मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय माणसं त्या काळात उत्तरेच्या कारखानदार शहरांत येत होती. शिकागोचा दक्षिण भाग, ज्याला सगळे ‘साउथ साइड’ म्हणतात, तो त्यांनी भरून गेला होता. एलाची आई लोकांच्या घरी कामाला जाई. बिऱ्हाडं बदलत राहावी लागत. प्रत्येक नव्या वस्तीत टाळ्यांचे, दोरीच्या उड्यांचे नवे खेळ आणि त्या खेळांची नवी गाणी असत. गाणं आलं तर खेळात शिरकाव. त्यामुळे कान तयार झाले ते गल्लीत. घरी फ्लॉइड जॉन्सन नावाचे काका माउथ ऑर्गनवर ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत वाजवत आणि भाची जवळ बसून ऐके. टी-बोन वॉकर, मेम्फिस स्लिम, बिग बिल ब्रून्झी ही ब्लूजमधली मोठी नावं तिला या काकांमुळे कळली.

आणखी एक संस्कार नाटकगृहातला. कॅब कॅलोवे हे त्या काळचे गाजलेले जाझ गायक. ते रंगमंचावरून निरर्थक अक्षरांची एखादी लकेर फेकत आणि अख्खं प्रेक्षागृह ती जशीच्या तशी परत फेकत असे. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी परत म्हणायचं. ही रीत कॅलोवेंनी शोधलेली नव्हती. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर ती आली, कापसाच्या शेतांत राबली, चर्चमध्ये प्रार्थना झाली, तुरुंगातल्या कैद्यांच्या हातोड्यांबरोबर चालली. एलाबाईंनी पुढे आयुष्यभर याच रीतीवर काम केलं आणि तिचं श्रेय देताना त्या कॅलोवेंचं नाव घेत.

संगीताचं रीतसर शिक्षण त्यांना कधीच मिळालं नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातून 1951 साली त्यांनी समाजशास्त्राची पदवी घेतली. जोडीला बालमानसशास्त्र होतं. तिथे खोलीवर राहणाऱ्या ज्यू मैत्रिणींकडून त्यांची गाणी उचलली. शिकागोला परतल्यावर ‘वायडब्ल्यूसीए’ या स्त्रियांच्या संस्थेत किशोरवयीन मुलींचे कार्यक्रम ठरवण्याची नोकरी मिळाली. तिथून स्थानिक दूरचित्रवाणीवर मुलांच्या कार्यक्रमात एक सदर आलं. आणि 1956 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी पगाराची नोकरी सोडली. यापुढे आपण मुलांना ताल शिकवणार, एवढाच धंदा. त्या काळात एका कृष्णवर्णीय, अविवाहित, सामान्य घरातल्या बाईने असा निर्णय घ्यायचा म्हणजे मागे कसलाही आधार नसताना उडी घेणं होतं.

केनेथ गोल्डस्टीन या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने सुचवलं की तुमच्या गाण्यांची फीत न्यूयॉर्कला मोझेस अ‍ॅशना ऐकवा. अ‍ॅश म्हणजे फोकवेजचे संस्थापक. त्यांनी ती ऐकली, त्यांना ती पटली आणि 1957 साली एलाबाईंची पहिली तबकडी निघाली. तिचं नावच हाक आणि प्रतिसाद या रीतीवरून ठेवलेलं होतं: ‘कॉल-अँड-रिस्पॉन्स : ऱ्हिदमिक ग्रुप सिंगिंग’. तिथून पुढे त्या फोकवेजच्याच राहिल्या.

आता त्यांच्या कामाकडे येतो. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना आणि कार्यक्रमांची चित्रणं पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती ही, की त्या सुरुवात तालाने करतात. सुराने करत नाहीत. सूर लावायचा म्हटलं की वर्गातली निम्मी मुलं गप्प होतात, कारण ‘तुझा आवाज चांगला नाही’ हे त्यांना घरी किंवा शाळेत कुणीतरी सांगून टाकलेलं असतं. टाळी मात्र प्रत्येकाला वाजवता येते. एलाबाई दोन काठ्या एकमेकींवर आपटतात, मांडीवर थाप मारतात, मुलं तेच करतात. मग त्या तालावर एखादं अक्षर येतं, मग शब्द, मग कधीतरी सूर. सूर येईपर्यंत प्रत्येक मूल गाण्यात शिरलेलं असतं आणि तिथून त्याला बाहेर काढणं कुणाला शक्य नसतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. त्या मुद्दाम परक्या भाषेतली गाणी आणत. त्यांच्या तबकड्यांवर हिब्रू आहे, स्पॅनिश आहे, स्वाहिली आहे, न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा घोष आहे. जगभरच्या संस्कृतींची ओळख व्हावी हा हेतू होताच. पण वर्गातल्या मुलाच्या बाजूने पाहा. माओरी शब्द पहिल्या बाकावरच्या हुशार मुलालाही येत नाहीत आणि मागच्या बाकावरच्यालाही येत नाहीत. डॉक्टरच्या मुलीला येत नाहीत, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीलाही येत नाहीत. निदान त्या अर्ध्या तासापुरते सगळे एका रेषेवर उभे असतात. ज्याचं इंग्रजी कच्चं म्हणून जो रोज मागे पडतो, तो इथे कदाचित पुढे असतो, कारण घरात दोन भाषा ऐकल्यामुळे त्याचा कान अधिक तयार असतो. वर्गातली उतरंड एका गाण्याने तात्पुरती का होईना, मोडते. समाजशास्त्र शिकलेल्या बाईला हे कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या पुढारपण सोडत. दोन फेऱ्या झाल्या की विचारणाऱ्याच्या जागी एखादं मूल उभं राही आणि बाई घोळक्यात जाऊन उत्तर देत. अशा गाण्यात पुढे उभं राहणाऱ्याला फार काही यावं लागत नाही. धीर लागतो, आणि मागून हमखास साथ येणार आहे हा भरवसा लागतो. चार वर्षांच्या मुलाला आपण हाक द्यावी आणि तीस जणांनी एकदम ओ द्यावी, हा अनुभव आयुष्यात किती माणसांना मिळतो? मोठेपणीही बहुतेकांना मिळत नाही.

त्यांचा सरंजाम लहानसा होता. बॅरिटोन उकुलेले, म्हणजे गिटारचं चार तारांचं धाकटं भावंड; एक माउथ ऑर्गन; कधी काँगा ढोल, कधी खुळखुळे. यातलं बरंचसं एका माणसाला उचलून नेता येण्याजोगं. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण शाळेत संगीत म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निधीचा निघतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला एलाबाई शाळांच्या सभागृहांतले कार्यक्रम करत अमेरिकाभर फिरल्या. रोज नवं गाव, नवा मुक्काम. हॉटेलं त्यांना खोली नाकारत, खानावळी जेवण नाकारत. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य आहे असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 मे 1954 रोजीच दिला होता, पण निकाल कागदावर होता. सकाळी ज्या गावातल्या मुलांना हसवायचं, नाचवायचं, त्याच गावात संध्याकाळी टेकायला जागा मिळायची नाही. त्यांच्या स्वतःच्या शिकागोत, उत्तरेच्या ‘मोकळ्या’ शहरात, परिस्थिती एवढी बिकट होती की 22 ऑक्टोबर 1963 रोजी दोन लाखांहून अधिक मुलं निषेध म्हणून शाळेत गेली नाहीत. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा तुडुंब भरल्या होत्या. त्यांना शेजारच्या गोऱ्या शाळांतल्या रिकाम्या वर्गांत बसवण्याऐवजी पत्र्याच्या फिरत्या खोल्या आणून लावल्या जात होत्या.

एलाबाई तरुणपणी वर्णभेदविरोधी चळवळीत वावरलेल्या होत्या. पण मुलांसमोर त्यांनी भाषण केलं नाही. त्यांच्या गाण्यांत ‘सगळे समान आहेत’ असा उपदेश शोधायला गेलं तर हाताला फार लागत नाही. समानता त्यांनी गाण्याच्या बांधणीत घातली होती. कृष्णवर्णीय बाई पुढे उभी आहे, गोरी मुलं तिच्या मागून तिच्या पूर्वजांचे शब्द म्हणत आहेत, आणि पुढच्या फेरीला कुणीही पुढे येऊ शकतं. 1963 च्या अमेरिकेत ही साधी करमणूक नव्हती. गेल वाल्ड या अभ्यासिकेने अलीकडे एलाबाईंचं चरित्र लिहिलं आहे. त्यात त्यांचं काम नागरी हक्कांच्या लढ्याच्या दीर्घ इतिहासातच मांडलेलं आहे. ती मांडणी मला योग्य वाटते.

अर्थात ही वाट त्यांच्या आधीही थोडी मळलेली होती. लेडबेली हे बारा तारांच्या गिटारवर गाणारे लुइझियानाचे कृष्णवर्णीय लोकगायक. खुनाच्या आणि मारामारीच्या गुन्ह्यांत त्यांनी टेक्सास आणि लुइझियानाच्या तुरुंगांत वर्षं काढली होती. 1941 साली याच मोझेस अ‍ॅशनी त्यांच्याकडून मुलांच्या खेळगाण्यांचा संच गाऊन घेतला, तेव्हा वर्तमानपत्रातून ओरड झाली की खुनी माणसाची गाणी पोरांना ऐकवायची? अ‍ॅश डगमगले नाहीत. वॉशिंग्टनजवळच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये रूथ क्रॉफर्ड सीगर या आधुनिक संगीताच्या रचनाकार होत्या. त्यांनी स्वतःच्या मुलांच्या बालवाडीत लोकगीतं नेली, ती तिथे वापरून पाहिली आणि 1948 साली त्यांचं पुस्तक केलं. पालकांनी मिळून चालवलेली ती बालवाडी होती. त्याआधी अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयातल्या ध्वनिमुद्रणांवरून रूथबाईंनी शेकडो गाणी कानाने ऐकून कागदावर उतरवली होती. तो कष्टाचा ऐवज बालवाडीत गेला म्हणून जिवंत राहिला.

लोकगायक पीट सीगर हे रूथबाईंचे सावत्र चिरंजीव. ऑगस्ट 1955 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने त्यांना त्यांच्या राजकीय मतांबद्दल विचारलं. त्यांनी सांगण्यास नकार दिला. खटला झाला, 1961 मध्ये शिक्षा झाली, 1962 मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. मधल्या वर्षांत दूरचित्रवाणीची दारं बंद होती, म्हणून सीगर शाळांत, महाविद्यालयांत, मुलांच्या उन्हाळी शिबिरांत गात फिरले. ज्यांनी त्यांचा आवाज बंद करायचं ठरवलं होतं, त्यांच्या डोक्यात बालवाडी आलीच नसावी. ती मुलं दहा वर्षांनी मोठी झाली आणि अमेरिकेत लोकगीतांची लाट आली, त्यामागे या शाळा होत्या हे विसरू नये.

सीगरांच्या घरातली आणखी एक हकिकत मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एलिझाबेथ कॉटन नावाच्या कृष्णवर्णीय बाई त्या घरी कामाला होत्या. एका दुकानात हरवलेली रूथबाईंची लहानगी मुलगी पेगी त्यांना सापडली आणि तिला आईच्या स्वाधीन करताना ओळख झाली. बऱ्याच दिवसांनी घरच्यांच्या ध्यानात आलं की या बाई भिंतीवरची गिटार उलटी धरून, डाव्या हाताने, अप्रतिम वाजवतात. लहानपणी, अकरा-बारा वर्षांच्या असताना, त्यांनी मालगाडीवर एक गाणं रचलं होतं. ते गाणं पेगीबरोबर इंग्लंडला गेलं आणि तिथे भलत्याच दोघांनी स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं. गाजलं, पैसे झाले, आणि खरी कर्ती घरकाम करत राहिली. तिचं नाव परत मिळवायला झगडावं लागलं. लोकगीत कुणाचंच नसतं असं आपण सहज म्हणतो. गाणाऱ्या गरीब बाईचं नाव न लिहिण्याची ती सोय असते. एलाबाई मात्र आपल्या तबकड्यांसोबतच्या माहितीपत्रकांतून शिक्षकांशी बोलत, गाणं कुठल्या लोकांचं आहे ते सांगत, ते मुलांबरोबर कसं म्हणायचं ते सुचवत. शिक्षकाच्या हातात पडणारा तो कागद मला तबकडीइतकाच मोलाचा वाटतो.

मोझेस अ‍ॅश 1986 साली गेले. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने फोकवेजचा सगळा संग्रह, 2168 तबकड्या, ताब्यात घेतला. त्यासाठी अट अशी होती की यातली एकही तबकडी, खपो न खपो, बाजारातून कायमची काढून टाकायची नाही. या प्रचंड संग्रहात नामवंत गायक आहेत, थोर कवी आहेत. तरीही स्मिथसोनियनच्या काळात वर्षानुवर्षं सर्वांत पुढे राहिलेला संच कुठला, तर एलाबाईंचा 1995 सालचा मुलांच्या बहुभाषिक गाण्यांचा. 2004 मध्ये त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. गायीचं गाणं असलेली 1966 ची ती तबकडी 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेली. 2017 मध्ये लोककलावंतांना दिला जाणारा तिथला सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला. शिकागोत त्यांच्या नावाचं एक उद्यान आहे. सन्मानांची यादी यापुढे वाढवत नाही.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काय संबंध, असं एखादा वाचक म्हणेल. मला वाटतं, एलाबाईंनी ज्या रीतीवर आयुष्य उभं केलं ती रीत आपल्या मातीत अमेरिकेइतकीच मुरलेली आहे. गोंधळात संबळ घुमतो, मुख्य गोंधळी ओळ टाकतो आणि तुणतुणं धरलेला झीलकरी ती उचलतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील नसेल तर शाहीर उघडा पडतो. वारीत एकाने अभंग सुरू करायचा आणि दिंडीने तो घ्यायचा, यात गाता गळा कुणाचा आणि बसका कुणाचा हे कुणी विचारत नाही. भारुडात तर प्रश्न, उत्तर, नक्कल, सगळंच आहे. हस्त नक्षत्राच्या दिवसांत पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून म्हटली जाणारी भोंडल्याची गाणी एकातून दुसरं असं वाढत जातात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा प्रश्नोत्तरांचा खेळ येतो. लहान मुलाला गाण्यात ओढून घेण्याची सगळी यंत्रणा आपल्याकडे तयार आहे.

शाळेत मात्र हीच यंत्रणा आपण उलटी चालवतो. लोककलावंत शाळेत येतो तो बहुधा गॅदरिंगला किंवा एखाद्या जयंतीला. तो मंचावर, मुलं खाली, तोंडावर बोट. कार्यक्रम झाला की नारळ आणि शाल, मुख्याध्यापकांसह फोटो. नाहीतर मुलांची ‘लोकनृत्यं बसवली जातात’. म्हणजे ध्वनिक्षेपकावर सिनेमातलं कोळीगीत किंवा गोंधळ लागतो, निवडक दहा-बारा मुली भाड्याच्या पोशाखात त्यावर ओठ हलवत नाचतात आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. ज्यांची निवड झाली नाही त्यांना त्या दिवशी काय शिकायला मिळतं? आपल्याला येत नाही, एवढंच. 2023 मध्ये ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपलं राज्यगीत झालं, शाहीर साबळ्यांचा तो दमदार आवाज शाळाशाळांत पोहोचला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो आवाज स्पीकरमधून येत असेल आणि मुलं नुसती सावधान उभी असतील तर शाहिरीतला अर्धा भाग, झीलकऱ्याचा, रिकामाच राहतो.

आपल्याकडे वेगळं घडलेलंही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे केलं, त्याचं मूळ तत्त्व हेच होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जायचं, गुरं राखत असेल तर कुरणात जायचं. अंगणवाडी हा देशभर रुळलेला शब्द तिथला. वारली मुलांच्या गाण्याला, नाचाला, भोवतालच्या वस्तूंना त्यांनी बालवाडीत मानाची जागा दिली. हे काम जगात कुठेही दाखवावं असं आहे, आणि आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याची आठवण जेवढी निघायला हवी तेवढी निघत नाही.

मला सर्वांत जास्त आठवतात ती आपल्या कडेकपारीतल्या शाळांमधली पहिलीतली मुलं. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, आणि कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषाही नाही, ती मुंडा कुळातली. भामरागडचं मूल माडिया बोलतं, ती द्राविड कुळातली. सातपुड्यात पावरी आणि भिली. ऊसतोडीच्या फडावर तर एका झाडाखाली चार जिल्ह्यांच्या बोली जमतात. या मुलांना शाळेत पहिल्या दिवसापासून कळतं ते एवढंच की इथे बोललं जाणारं आपल्याला येत नाही. ती गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्या मुलाला आपण मठ्ठ म्हणून मोकळे होतो. अशा वर्गात कोरकू गाणं म्हणणारी एखादी आजी येऊन बसली आणि तिच्या मागून मराठी बोलणारी मुलं आणि गुरुजी अडखळत कोरकू शब्द म्हणू लागले, तर त्या एका तासात कोण पुढे आणि कोण मागे? एलाबाईंना माओरी शब्द समुद्रापलीकडून आणावे लागले. आपल्याला डोंगराच्या पलीकडच्या पाड्यावर जायचं आहे.

गाणी कुठून आणायची ही अडचणही खरी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. हजारावर गावांतल्या बायांच्या तोंडच्या त्या ओव्यांपैकी बऱ्याच, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट, आज ‘परी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. त्या अवश्य ऐकाव्यात. पण मोबाइलवरची ओवी वर्गाला ऐकवून थांबू नये. ओवी म्हणणारी बाई त्याच गावात, शाळेच्या कुंपणापलीकडे बसलेली असण्याची शक्यता अजून तरी आहे. सत्तरीच्या पुढच्या त्या बायांना आपण कधी शाळेत बोलावलं, तर तांदूळ निवडायला नाहीतर पालकसभेत सही करायला.

राज्यात 2024 पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला आहे. पुस्तकांपलीकडचं काही करण्यासाठी सरकारनेच दिलेला हा मोकळा वेळ आहे. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की यातला महिन्याचा एक शनिवार गाण्याला द्या. गावातला गोंधळी, वासुदेव, भारूड करणारे बुवा, भजनी मंडळातला पखवाजवाला, हादग्याची गाणी पाठ असलेली एखादी आजी, यांच्यापैकी एकाला बोलवा. मंच नको, माइक नको. सगळ्यांना गोल बसवा आणि पाहुण्यांनाही त्याच गोलात बसवा. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा की तुम्ही पाच गाणी ऐकवू नका, एकच गाणं द्या, पण प्रत्येक पोराच्या तोंडी बसेपर्यंत द्या. टाळीपासून सुरुवात करा. बेसूर म्हणणाऱ्याला थांबवू नका. दोन फेऱ्या झाल्या की एखाद्या मुलाला पुढे उभं करा, शक्यतो त्याला, जो वर्गात कधी बोलत नाही, आणि तुम्ही स्वतः झील धरा.

गाणाऱ्याचं नाव, गाव, गाणं कुणाकडून शिकले, हे सगळं मुलांकडून वहीत लिहून घ्या. आणि पाहुण्यांना शाल-नारळावर परत पाठवू नका. दिवसाची मजुरी बुडवून ती माणसं येणार आहेत. त्यांच्या मानधनाचा आणि जाण्यायेण्याच्या भाड्याचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीतच मांडून मंजूर करून घ्या.